संत्रा, हळद, मोह आणि बर्फाची लादी : कॉकटेल स्पर्धेच्या तयारीसाठी विदर्भाची फेरी

आंतरराष्ट्रीय कॉकटेल स्पर्धांच्या ब्रीफमध्ये, म्हणजे अटींच्या कागदात, हल्ली एक अट हमखास सापडते : तुमच्या भागातला घटक वापरा आणि तो का वापरला ते परीक्षकांना सांगा. मग बरेच बारटेंडर ऑनलाइन हळद पावडर मागवतात, संत्र्याचं तयार सिरप आणतात आणि गोष्ट पाठ करतात. परीक्षक गोष्ट ऐकून घेतात, गुण मात्र ग्लासातल्या चवीला देतात. घटक आंबट किती, गोड किती, तासाभराने त्याचं काय होतं, हे शेतात उभं राहून बघितलं नसेल तर स्टेजवर तो घटक दगा देतो. त्यासाठीच ही फेरी, वरुडपासून साकोलीपर्यंत.

या स्पर्धा साधारण दोन प्रकारच्या. एक, व्यवसायातल्या संघटनांच्या. इंटरनॅशनल बारटेंडर्स असोसिएशन, म्हणजे आयबीए, २४ फेब्रुवारी १९५१ रोजी इंग्लंडमधल्या टॉर्की इथे स्थापन झाली. तिच्या जागतिक स्पर्धेत देशोदेशीच्या संघटनांचे विजेते उतरतात. दुसऱ्या, मद्य कंपन्यांच्या. त्यातली वर्ल्ड क्लास २००९ मध्ये लंडनला सुरू झाली, २०११ ची अंतिम फेरी आपल्या दिल्लीत झाली आणि २०१६ मध्ये फ्रान्सची जेनिफर ल नेशे ही ती जिंकणारी पहिली स्त्री ठरली. कंपनीच्या स्पर्धेत बेस स्पिरिट, म्हणजे ड्रिंकमधलं मुख्य मद्य, त्यांचंच लागतं. त्यामुळे ‘मोहाची दारू घेऊन जाऊ’ हा बेत तिथे चालत नाही. मोहाचं फूल चालतं. आमच्या कागदावर बेस होता व्हाइट रम, बाकी सगळं विदर्भातून गोळा करायचं होतं.

वेळ निवडली मार्चचा दुसरा पंधरवडा. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेला, संत्रा अजून झाडावर असतो, हळद शिजून वाळत पडलेली असते, मिरचीची तोडणी उरकत आलेली असते आणि मोह गळायला लागतो. चारही गोष्टी एका फेरीत मिळण्याची वर्षातली हीच वेळ. ऊन मात्र सोसावं लागतं.

शनिवार : वरुड

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात पहाटे पोहोचलं तर तोडणी सुरू असलेली दिसते. कैचीने देठ कापून फळ क्रेटमध्ये. ओढून तोडलं तर देठापाशी साल फाटते आणि तिथून ते सडतं. बागायतदार काकांनी पहिलं फळ सोलून हातात दिलं आणि आमच्या डब्याकडे बघून म्हणाले, “रस काढून ठेवसान त कडू होते भाऊ. काढला का लगेच पिऊन टाका.”

नागपुरी संत्र्याची सगळी मेख याच वाक्यात आहे. ताजा रस गोड लागतो. काही तास गेले की तोच रस जिभेच्या मागे कडवट उतरतो. फळात लिमोनिनचा एक बेचव पूर्वरूप असतो. पेशी फुटल्या आणि तो आंबट रसात मिसळला की हळूहळू लिमोनिन तयार होतं आणि ते कडू. बिया चिरडल्या, पांढरा पापुद्रा दाबला गेला, तर कडवटपणा आणखी. सकाळी हॉटेलवर रस काढून दुपारी स्टेजवर वापरणाऱ्याचं ड्रिंक यानेच बिघडतं, आणि दोष जातो रमला.

उपाय असा. फळ सोलून फोडी मोकळ्या करायच्या, बिया काढायच्या, फोडी हाताने हलक्या पिळायच्या आणि रस मलमलीतून गाळायचा. इलेक्ट्रिक ज्यूसर नको, ब्लेंडर तर नकोच. रस शक्य तितका उशिरा काढायचा. स्टेजवर जाण्याआधी गार्निशसाठी जो वेळ देतात, त्यातच हे बसवायचं.

दुसरी अडचण आंबटपणाची. लिंबाच्या रसात साधारण सहा टक्के आम्ल असतं, संत्र्याच्या रसात एक टक्क्याच्याही आत. लिंबाच्या जागी संत्रा घातला की ड्रिंक सपक होतं. म्हणून १०० मिली रसात ३.२ ग्रॅम सायट्रिक आणि २ ग्रॅम मॅलिक आम्ल विरघळवायचं. रस लिंबाइतका आंबट होतो, वास संत्र्याचाच राहतो. यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा हवा. चमच्याच्या अंदाजाने मॅलिक जास्त पडलं तर हिरव्या कैरीसारखा चटका शेवटपर्यंत राहतो.

साल वेगळी ठेवली. नागपुरी संत्र्याची साल पातळ आणि ढिली, त्यामुळे माल्टा किंवा परदेशी संत्र्यासारखी साल ग्लासवर पिळून तेलाचा फवारा नीट येत नाही. साखर मात्र हे तेल छान ओढून घेते. आतले पांढरे धागे खरवडून काढलेली १०० ग्रॅम साल, १०० ग्रॅम साखर, हाताने दोन मिनिटं चुरडायचं आणि झाकून सहा ते आठ तास ठेवायचं. तळाशी केशरी, तेलकट पाक जमतो. बागेत दुपारपर्यंतच जमला. उन्हाने काम लवकर केलं.

झाडाखाली आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची, गोटीएवढी हिरवी फळं गळून पडलेली होती. फळगळीने बागायतदार हैराण असतो, त्याला या फळांचा उपयोग काहीच नाही. पण या हिरव्या सालीत तेल भरपूर, कडूपणा स्वच्छ. चार तुकडे करून वाळवली की घरच्या बिटर्ससाठी, म्हणजे थेंबाथेंबाने वापरायच्या कडू अर्कासाठी, उत्तम माल. पोतंभर वेचून घ्या म्हणाले काका. आम्ही पिशवीभर घेतली.

जेवण बागेतच झालं. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, फोडून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. दुपारच्या चाखणीचा बेत असेल तर हे जेवण चाखणीनंतर घ्या. तूप आणि तिखट जिभेवर असताना आम्लाचा अंदाज पार चुकतो.

फळ घेताना एक बघा. मंडीतून बाहेरगावी जाणाऱ्या संत्र्याला कोटिंग करतात, म्हणजे मेणाचा थर देतात. त्या फळाचा रस चालेल, साल चालणार नाही. साल हवी असेल तर झाडावरून उतरवलेलं फळच मागा आणि शेवटची फवारणी कधी झाली तेही विचारा.

रविवार : परतवाडा मार्गे चिखलदरा

परतवाड्यानंतर घाट लागतो आणि हवा बदलते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे. खाली पारा चाळिशीला टेकलेला असताना इथे संध्याकाळी अंगावर काही तरी घ्यावंसं वाटतं. महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हणून हे गाव प्रसिद्ध. मार्चमध्ये बी तोडून झालेलं, वाळलेलं असतं, म्हणजे भाजलेली ताजी कॉफी मिळते.

आफ्टर डिनर प्रकारात उतरणाऱ्यांनी ही कॉफी जरूर बघावी. १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेलने व्होडका आणि एस्प्रेसोचं ड्रिंक बसवल्यापासून कॉफीवर इतकं काम झालंय की त्याच वाटेने गेलात तर तुलना थेट त्याच्याशीच होते. आम्ही इथे फक्त थंड पाण्यातला अर्क करून बघितला : ६० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, ६०० मिली पाणी, रात्रभर. सकाळी गाळल्यावर कडूपणा कमी आणि चव मऊ. आमच्या ड्रिंकमध्ये ती बसत नव्हती, संत्र्याला झाकून टाकत होती. सोडून दिली.

इथे सिरप किंवा कॉफी उकळणार असाल तर लक्षात ठेवा, या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. खाली बसवलेली उकळण्याची मिनिटं इथे जशीच्या तशी लागू होत नाहीत.

घाटातल्या एका हॉटेलात कोरकू बाई खवा घोटत होत्या. कढईच्या कडेला लागलेला थर उलथण्याने सतत मध्ये ढकलायचा, हात थांबला की लागलाच. आम्ही विचारलं, किती वेळ? त्यांनी कढईकडे बोट दाखवलं : दूध सांगेल. गरम खवा आणि वर थोडी साखर, सकाळचा नाश्ता तेवढाच.

सोमवार : वायगाव

अमरावतीत एक काम आधी उरकलं : रमच्या बाटल्या ओळखीच्या परवानाधारकाकडे ठेवून दिल्या. पुढचा मुक्काम वर्धा जिल्ह्यात होता. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत तिथे दारूबंदी आहे, गडचिरोलीतही आहे; चंद्रपुरातली २०१५ मध्ये लागलेली बंदी २०२१ मध्ये उठली. विदर्भात स्पिरिट घेऊन फिरणाऱ्याने नकाशावर हे जिल्हे आधी रंगवून घ्यावेत. वर्ध्यातून ‘नुसतं जाणार आहोत’ ही सबब नाही. गाडीत टिंक्चरची, म्हणजे स्पिरिटमध्ये उतरवलेल्या अर्काची, छोटी बाटलीसुद्धा नको, तीही दारूच.

समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव हळदीसाठी ओळखलं जातं आणि इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. गावात शिरताच वास लागतो. कढयांमध्ये हळद शिजत होती. फेस वर आला आणि वास पालटला की झाली. मग अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला पसरायची. कडक वाळल्यावर ड्रममध्ये फिरवून पॉलिश. मोडल्यावर टणत्कार करून तुटली आणि आत गडद नारिंगी दिसली तर ती खरी वाळली. कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, जास्त म्हणून हिला मागणी आहे. बारटेंडरच्या अडचणीही त्याच कर्क्युमिनमधून येतात.

कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सिरपमध्ये हळद पावडर घातली की दहा मिनिटांत तळाशी गाळ बसतो, आणि परीक्षकाने ग्लास उचलला की काचेवर चिखलाची कड दिसते. अल्कोहोलमध्ये ते चांगलं विरघळतं. त्यामुळे बंदी नसलेल्या ठिकाणी साधा मार्ग : २०० मिली रममध्ये ४ ग्रॅम हळद, वीस मिनिटं, मग कॉफी फिल्टरमधून गाळणं. रंग पारदर्शक सोनेरी येतो. अर्धा तास ओलांडला की मातकट कडूपणा उतरतो.

इथे ते करता येत नव्हतं, म्हणून मधावर काम केलं. आणि तेच शेवटी कामाला आलं. शेतकऱ्याच्या घरी बेण्यासाठी राखलेली ओली हळद होती. १०० ग्रॅम मध, ३० मिली गरम पाणी, किसलेली ओली हळद ८ ग्रॅम, दोन चिमटी मिरेपूड. वीस मिनिटं झाकून ठेवलं, मलमलीतून पिळून गाळलं. ओल्या हळदीतला आल्याच्या जातीचा ताजा, गाजरासारखा वास वाळलेल्या हळदीत राहत नाही. कॉकटेलला रंगापेक्षा हा वास जास्त उपयोगी.

घरातल्या आजींनी चव घेतली, संत्र्याचा रस आणि विहिरीचं गार पाणी घालून सगळ्यांना पेला पेला दिला आणि निवाडा दिला, “मीठ टाका थोडंसं.” टाकलं. संत्रा पुढे आला, हळद मागे सरकली. मिठाचं द्रावण स्पर्धेतले लोक ठेवतातच : २० ग्रॅम मीठ, ८० मिली पाणी, ड्रॉपरने दोन-तीन थेंब. आता काही मोठ्या स्पर्धांत बिनअल्कोहोलचं किंवा कमी अल्कोहोलचं ड्रिंकही मागतात. त्या फेरीसाठी या अंगणातला पेला तयार होता. आम्ही फक्त मापं लिहून घेतली.

हळद वापरणार असाल तर दोन गोष्टी जपा. पांढरं कटिंग बोर्ड, पांढरा नॅपकिन आणि ॲप्रन तिच्यापासून लांब, कारण स्वच्छतेला गुण असतात आणि पिवळा डाग लांबून दिसतो. आणि डाग साबणाने घासू नका. साबणाच्या अल्कलीने तो लाल होतो. लिंबाने पुसला तर पुन्हा पिवळा होतो, मग थोडं स्पिरिट लावून काढता येतो. दूध फाडून नितळ केलेल्या क्लॅरिफाइड पंचमध्ये हळद घालून सोनेरी रंगाची आशा धरू नका : कर्क्युमिन दुधातल्या केसिनला चिकटतं आणि रंग बराचसा चोथ्याबरोबर निघून जातो.

मंगळवार : भिवापूर, पवनी

गिरडवरून उमरेडकडे वळलं की नागपूर जिल्हा लागतो आणि बंदी मागे पडते. भिवापूरची मिरची लालभडक, तिखट. मोकळ्या आवारात लाल सडे घातलेले, बायका तोंडाला फडके बांधून देठ खुडत बसलेल्या. त्यांच्यात पाच मिनिटं बसलं की शिंका सुरू होतात.

मिरचीबद्दल थोडंच. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्याला धरून असतात त्या पांढऱ्या शिरेत असतो. बिया आणि शिरा काढून टाकलेली ५ ग्रॅम मिरची १०० मिली स्पिरिटमध्ये, आणि दर दहा मिनिटांनी एक थेंब पाण्यात घालून चाखायचा. अर्ध्या तासात गाळून घ्यायचं. रात्रभर ठेवलेलं टिंक्चर एका थेंबाने ड्रिंक मारतं, आणि परीक्षकाने तुमच्या नंतरच्या स्पर्धकाचं ड्रिंकही त्याच जळत्या जिभेने चाखलं तर ते त्याच्यावर अन्यायाचं. तिखटाचं काम घोट गिळल्यावर घशात थोडी ऊब देण्याचं. ओठ पेटले की प्रमाण चुकलं.

पवनीला वैनगंगा ओलांडली. पाणी उतरलेलं, वाळूत टरबूज-काकडीच्या वाड्या. नदीकाठी एकाने काकडी चिरून मीठ-तिखट लावून दिली. त्या उन्हात तिच्याइतकं चांगलं काही नव्हतं. पुढे लाखांदूर, अर्जुनी मोरगाव करत अंधार पडताना नवेगावबांध.

बुधवार पहाट : नवेगावबांध

मोह रात्री फुलतो आणि पहाटे गळतो. वेचणारे उजाडायच्या आधी निघतात, टोपली आणि बॅटरी घेऊन. एकटं कुणी जात नाही. “बोलत बोलत चाला जी, अस्वल रायते,” सोबतच्या मावशींनी आधीच सांगितलं. मोहफूल अस्वलालाही तितकंच प्रिय, आणि वेचायला गेलेल्या माणसांवर या दिवसांत हल्ले होतात. गावातल्या माणसांशिवाय या झाडांखाली जाऊ नका, कितीही फोटो हवे असले तरी.

झाडाखालची जमीन स्वच्छ दिसावी म्हणून पाला जाळायची जुनी रीत आहे. त्यातून आग जंगलात पसरते. म्हणून आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल जाळीत पडतं, मातीही लागत नाही. सिरप करणाऱ्याला असंच फूल हवं. मातीला लागलेलं फूल कितीही धुतलं तरी वास सोडत नाही. जाळीच्या फुलाला दोन पैसे जास्त द्यावेत, ते वाजवी आहे.

ताजं फूल हातात घेतलं तर पिवळसर पांढरं, गुबगुबीत, चिकट. दाबलं की टचकन गोड रस. मधोमध भोक, आत केसरांचा झुपका. ताज्या फुलाचं सिरप करायचा मोह होतो, पण त्यावर जंगली यीस्ट असतं आणि या उन्हात काही तासांत ते आंबायला लागतं. झाकण घट्ट लावलेली बाटली प्रवासात फुटू शकते. आणि आंबवून गाळायला गेलात तर तो गुन्हा आहे, परवान्याशिवाय मोहाची दारू काढता येत नाही. मोहाचं स्पिरिट चाखायचंच असेल तर गोव्यात कायदेशीररीत्या भरलेलं डेसमंडजी मोहा मिळतं. मध्य प्रदेशानेही हेरिटेज मद्य म्हणून मोहाला मान्यता दिली आहे.

स्पर्धेसाठी वाळलेलं फूल. ते दोन-चार दिवसांच्या उन्हात तपकिरी, बेदाण्यासारखं होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. मावशींच्या अंगणात आम्ही आमची रीत सांगितली : उकळायचं, गाळायचं. त्यांनी मान हलवली. “उकाळू नका जी. उकाळलं का वास सुटते.”

दोन्ही करून बघितलं. उकळलेल्या अर्कात तो उग्र, जड वास आलाच, जो नवख्या नाकाला सहन होत नाही. मंद आचेवर केलेल्या अर्कात खजूर, मध आणि थोडा भाजलेल्या गव्हाचा वास. फरक इतका उघड होता की चर्चाच उरली नाही.

पद्धत लिहून ठेवतो. वाळलेली १०० ग्रॅम फुलं तळहातांत चोळून केसर पाखडून टाकायचे. त्या भुकटीमुळेच अर्क गढूळ होतो. दोन पाण्यांत झटपट धुवायची, भिजत ठेवायची नाहीत, नाहीतर साखर पाण्यातच जाते. कोरड्या तव्यावर वास येईपर्यंत परतायची. मग ३०० मिली पाण्यात ६० ते ६५ अंशांवर चाळीस मिनिटं. पाण्यात थर्मामीटर ठेवा. चुलीवर असाल तर भांडं निखाऱ्यावर, ज्वाळेवर नको. गाळताना पिळू नका, आपोआप निथळू द्या.

आता गोडी मोजायची. रिफ्रॅक्टोमीटर हे खिशात मावणारं यंत्र घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका, कारण प्रत्येक झाडाचं फूल वेगळं. आमचा अर्क २५० ग्रॅम निघाला, १६ ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅममध्ये १६ ग्रॅम साखर. एकूण ४० ग्रॅम साखर आणि २१० ग्रॅम पाणी. ५० ब्रिक्सला साखर आणि पाणी समसमान लागतं, म्हणून १७० ग्रॅम साखर घातली. पुढच्या वेळी अर्क २० ब्रिक्स आला तर साखर कमी घालायची. अंतिम आकडा ५० च. परदेशात अंतिम फेरीला वेगळ्या पिशवीतली फुलं वापरलीत तरी ड्रिंक तेच लागेल ते या हिशेबामुळे.

मोहफुलांत तीळ-जवस कुटून वळलेले लाडू मावशींनी बांधून दिले. वाटेत भूक लागली की एक पुरतो.

विकत घेताना पावती मागा, वजन आणि गाव लिहून. ती गाडीत विचारणा झाली तर कामी येते आणि स्पर्धेच्या सादरीकरणातही.

गुरुवार : साकोली

महामार्गावरच्या एका परमिट रूमच्या मालकांनी दुपारची रिकामी वेळ आणि एक लांब टेबल दिलं. रमच्या बाटल्या तिथेच परवान्यावर घेतल्या. तिथले काउंटरवरचे भाऊ बरीच वर्षं पेग भरतायत. माप न बघता पाच ग्लासांत ओततात आणि पाचही पातळ्या सरळ रेषेत. स्पर्धेत नेमकं हेच मागतात.

त्यांच्याकडे शिकण्यासारखी गोष्ट होती बर्फाची. बर्फाच्या कारखान्यातली लादी, पोत्यात गुंडाळलेली. लादी गोठताना पाण्यात हवा सोडून ते हलतं ठेवतात, म्हणून बाहेरचा भाग काचेसारखा नितळ आणि मधला गाभा पांढरा. करवतीने पांढरा गाभा वगळून कडेचे चौकोन काढले तर हजारो रुपयांच्या यंत्रासारखा बर्फ मिळतो. मात्र खाण्याजोगी लादीच मागा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आहे. निळी छटा दिसली की घ्यायची नाही.

बेचाळीस अंशांत बर्फ सतत पाणी सोडतो. त्या ओल्या बर्फावर शेक केलं की वरचं सुटं पाणी थेट ड्रिंकमध्ये जातं आणि ते पातळ पडतं. भाऊ प्रत्येक वेळी बर्फ चाळणीत घेऊन दोन झटके देत आणि मगच ग्लासात टाकत. शेकरमध्ये बर्फ घेताना हेच करायचं. स्टेजवरचे दिवेही गरम असतात. बर्फाची बादली झाकून, तळाशी जाळी ठेवून वापरा.

ड्रिंक असं बसलं, एका ग्लाससाठी : व्हाइट रम ४५ मिली, आम्ल वाढवलेला संत्र्याचा रस २० मिली, मोहाचं सिरप १५ मिली, हळद-मध ५ मिली, मिरचीचं टिंक्चर २ थेंब, मिठाचं द्रावण २ थेंब. घटक सहा. घटकांच्या संख्येवर मर्यादा बहुतेक स्पर्धांत असते आणि थेंबसुद्धा घटक म्हणून मोजतात, हे नोंदणीचा कागद भरताना विसरू नका. वरुडचा सालीचा पाक यात बसला नाही. तो बिनअल्कोहोलच्या पेल्यात गेला.

पाच परीक्षकांसाठीच्या पाच ग्लासांचं गणित सगळ्यात जास्त लोकांना नडतं. ८५ मिलीचे पाच म्हणजे ४२५ मिली, एका शेकरमध्ये बर्फासह मावत नाही. मग एकात तीन ग्लासांचा माल, दुसऱ्यात दोनचा, असं करतात. दोन्हींत बर्फाचं प्रमाण वेगळं, पाणी वेगळं सुटतं, आणि पाच परीक्षकांना दोन वेगळी ड्रिंक्स मिळतात. करायचं ते असं : पाचही ग्लासांचा माल आधी एका जगमध्ये मोजून एकत्र करा, तो निम्मा निम्मा दोन शेकरमध्ये घाला, बर्फ सारखा, शेक बारा सेकंद. मग पहिल्या शेकरने पाचही ग्लास अर्धे भरा आणि दुसऱ्याने पूर्ण करा. प्रत्येक ग्लासात दोन्ही शेकर आले. गाळताना बारीक गाळणीही लावा, संत्र्याचा एक रेषाही वर तरंगला तर दिसतो.

घड्याळ लावून हे करताना वेळ कुठे जातो ते बघा. आमच्या टेबलावर तो शेकिंगमध्ये जात नव्हता. बाटल्यांची झाकणं उघडणं आणि जिगर, म्हणजे दुतोंडी माप, उलटापालटा करणं यात जात होता. बाटल्या ओतायच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे, सगळ्यांना पोअरर (ओतायची तोटी), थेंबांच्या बाटल्या सगळ्यात शेवटी. तेवढ्याने दीड मिनिट वाचलं. वेळ ओलांडली की गुण कापले जातात आणि सांडलं तरी कापले जातात, त्यामुळे वाचलेला वेळ हात सावकाश चालवण्यात घालवावा.

भाऊंनी तयार ग्लास चाखला. थोडं थांबून म्हणाले, “आखरीले मिरची येते.” बरोबर तिथेच ती यायला हवी होती.

परदेशी नेताना : सिरप आणि मध चेक-इन सामानात, घट्ट बाटलीत, वरून दुहेरी पिशवी. प्रत्येक बाटलीवर घटक, तारीख आणि ब्रिक्स लिहा, कारण घरी केलेल्या घटकांची कृती आयोजक आधी मागवतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत वनस्पतिजन्य वस्तू विमानतळावर जाहीर कराव्याच लागतात आणि जप्तही होऊ शकतात. म्हणून मोहाचं सिरप दोन सहकाऱ्यांच्या सामानात विभागून न्या. ताजा संत्रा नेऊच नका. तिथे मिळेल त्या मँडरिनचा रस घ्या, ब्रिक्स आणि आंबटपणा मोजा आणि वरच्या हिशेबाने आम्ल घाला; बिनअल्कोहोलच्या पेल्यासाठी वरुडच्या सालीचा पाक मात्र बरोबर असू द्या, संत्र्याचा वास तोच देईल. मोहाचं सिरप फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. त्यामुळे ते निघायच्या आदल्या दिवशी करा, आणि फुलं कोरड्या डब्यात बंद करून एप्रिलमध्येच साठवून ठेवा, पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते.